मेल कधी जातो, कधी आउटबॉक्समध्येच अडकतो: थंडरबर्ड आणि आउटलुकसाठी समस्या निवारण

मेल अजिबातच जात नसेल तर कारण लवकर सापडतं. पासवर्ड चुकलेला असतो, सर्व्हरचं नाव चुकलेलं असतं, नाहीतर नेटच बंद असतं. जीव खातो तो अधूनमधून अडकणारा मेल. सकाळी चार मेल सुरळीत गेले, पाचवा अडकला, जेवून आल्यावर तोच मेल काहीही न करता निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी ऐन घाईत पुन्हा तेच. थंडरबर्ड सांगतो की मेल पाठवता आला नाही. आउटलुकमध्ये पाठवण्याची पट्टी अर्ध्यावर थांबते आणि मेल आउटबॉक्समध्ये बसून राहतो.

अशा वेळी हात सगळ्यात आधी जातो तो अकाउंट सेटिंग्जकडे. पोर्ट बदलून बघू, सिक्युरिटी "नन" करून बघू, अकाउंट काढून नव्याने घालू. माझी कळकळीची विनंती आहे, यातलं काहीही लगेच करू नका. आज सकाळी याच कॉम्प्युटरवरून, याच अकाउंटने एक जरी मेल गेला असेल तर सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि पासवर्ड बरोबर आहेत. जे बरोबर आहे ते बदललं की मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर आणखी एक नवा दोष चढतो. पॉप पद्धतीचं अकाउंट काढलं तर कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेले जुने मेलही हातचे जाऊ शकतात. शोधायचं ते एवढंच, की गेलेल्या मेलमध्ये आणि अडकलेल्या मेलमध्ये वेगळं काय होतं.

"सेंड" दाबल्यावर काय घडतं

मेल येत आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, हा समज आधी बाजूला ठेवा. येण्याची आणि जाण्याची वाट वेगवेगळी आहे. मेल येतो आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) किंवा पॉपवरून (मेल कॉम्प्युटरवर उतरवणारी पद्धत), जातो एसएमटीपी या पाठवण्याच्या पद्धतीवरून. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, वेगळं असतं, पुष्कळदा सर्व्हरही वेगळा असतो. एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले तेव्हा त्यांत पासवर्डची सोय नव्हती आणि जोडणी कूटबद्ध करण्याचीही नव्हती. या गोष्टी नंतर एकेक करून जोडल्या गेल्या, त्यामुळे आज एका मेलला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

आधी सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आकडी पत्ता, शोधला जातो. मग ५८७ किंवा ४६५ या पोर्टवर जोडणी होते. मग सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं. मग लॉगिन. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्यांचे पत्ते एकेक करून, मग मजकूर आणि अटॅचमेंट. शेवटी सर्व्हर २५० हा आकडा देतो, म्हणजे "मिळालं". त्यानंतर मेल प्रोग्रॅम एक प्रत "सेंट" फोल्डरमध्ये ठेवतो, आणि आयमॅप असेल तर ही प्रत पुन्हा नेटवरून दुसऱ्या वाटेने वर जाते. यातल्या कुठल्याही पायरीवर मेल अडू शकतो, पण पडद्यावर मात्र प्रत्येक वेळी "मेल गेला नाही" इतकंच दिसतं.

आधी नोंद, मग दुरुस्ती

एक कागद घ्या आणि मेल अडकला की त्याच वेळी लिहा: नेमकी वेळ, कोणत्या नेटवर होतात, अटॅचमेंट केवढी होती, मेल कोणाला होता, कोणत्या अकाउंटवरून होता, आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा. संदेशाचा मोबाइलवर फोटो काढला तर उत्तम. "काहीतरी एरर आली" या वाक्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. संदेशातल्या तीन आकडी क्रमांकावरून मात्र निम्मं काम होतं.

तो क्रमांक ४ ने सुरू होत असेल, म्हणजे ४२१, ४५० किंवा ४५१ असा, तर सर्व्हर म्हणतोय "आत्ता नाही, थोड्या वेळाने या." ५ ने सुरू होत असेल, म्हणजे ५३५, ५५०, ५५२ असा, तर म्हणतोय "हे असं चालणार नाही, काहीतरी बदलून आणा." ५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. ५५२ म्हणजे बहुधा मेल फार मोठा आहे. ५५० ला अनेक अर्थ असतात, म्हणून त्यापुढचं वाक्य वाचणं भाग आहे. आणि क्रमांकच नसेल, नुसतंच "टाइम आउट" किंवा "जोडणी तुटली" असेल, तर सर्व्हरने तुम्हाला नाकारलेलं नाही. बोलणं मध्येच तुटलंय. तेव्हा दोष वाटेत कुठेतरी आहे: राउटर, लाइन, अँटिव्हायरस, नाहीतर सर्व्हरच्या दारातला फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारा.

संदेश अपुरा वाटला तर प्रोग्रॅमकडूनच नोंद लिहून घेता येते. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये जनरल विभागाच्या तळाशी कॉन्फिग एडिटर आहे. तिथे "मेलन्यूज डॉट एसएमटीपी डॉट लॉगलेव्हल" ही ओळ शोधून, अर्थात रोमन अक्षरांत, तिची किंमत "ऑल" करा आणि कंट्रोल, शिफ्ट व जे या कळा एकत्र दाबून एरर कन्सोल उघडा. मेल पाठवताना सर्व्हरशी झालेलं सगळं संभाषण तिथे ओळीने दिसतं आणि ते कुठे थांबलं हेही कळतं. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात "एनेबल ट्रबलशूटिंग लॉगिंग" अशी खूण आहे. ती करून आउटलुक बंद करून पुन्हा उघडावा लागतो. काम झालं की दोन्हीकडे लॉगिंग बंद करा, आणि लॉग कोणाला पाठवण्याआधी वाचून पाहा. लॉगिनच्या ओळींत अर्थहीन दिसणारी अक्षरांची माळ असेल तर ती पुसून टाका, कारण पासवर्ड कधीकधी नुसता रूप बदलून तिथे पडलेला असतो आणि तो सहज उलगडता येतो.

सात-आठ नोंदी झाल्या की त्या एकाखाली एक ठेवून पाहा. पुढचं सगळं त्या कागदावर अवलंबून आहे.

छोटे मेल जातात, मोठे अडकतात

हे चित्र दिसलं तर पासवर्डचा विचार सोडून द्या. तीन शक्यता उरतात.

पहिली म्हणजे मर्यादा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण २५ एमबीची फाइल त्यात बसत नाही. मेलमधून फाइल जाते ती साध्या अक्षरांच्या रूपात, आणि त्या रूपांतरात तिचा आकार एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. १८ एमबीच्या पुढे गेलात की काठावर आलात असं समजा. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर ही मर्यादा १० एमबीसुद्धा असू शकते. त्यामुळे सात एमबीचा स्कॅन कालच्या घडीला गेला आणि आज आठ एमबीचा गेला नाही, असं झालं तर त्यात गूढ काही नाही.

दुसरी शक्यता वेळेची. आपण नेटचा वेग म्हणतो तो डाउनलोडचा असतो. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला किंवा गर्दीतल्या मोबाइल नेटला अपलोड जेमतेम १ एमबीपीएस मिळतो. १० एमबीची फाइल वाढून सुमारे १३.७ एमबी होते. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ती १ एमबीपीएसने वर चढायला ११० सेकंद लागतात, तेही दुसरं कोणी नेट वापरत नसेल तर. थंडरबर्ड सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहतो ती मुळात १०० सेकंद, आउटलुक १ मिनिट. एरवी मजकूर सरकत असेपर्यंत हे घड्याळ धावत नाही. पण मध्ये मेल तपासणारा अँटिव्हायरस बसला असेल तर तो सगळा मेल क्षणात स्वतःकडे घेतो आणि मग सावकाश वर पाठवत बसतो. थंडरबर्डला वाटतं आपलं काम झालं, सर्व्हर मात्र गप्प आहे. १०० सेकंदांनी तो हात वर करतो. यावर उपाय साधा आहे: क्लासिक आउटलुकच्या अकाउंटमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर "सर्व्हर टाइमआउट्स" ही पट्टी आहे, ती चार-पाच मिनिटांवर न्या. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये "मेलन्यूज डॉट टीसीपीटाइमआउट" ची किंमत १०० आहे, ती ३०० करा.

तिसरी शक्यता फारशी कोणी तपासत नाही आणि नेमकी तीच महिनोन्‌महिने छळते. नेटवरून माहिती पाकिटांतून जाते आणि एका पाकिटाची कमाल मर्यादा असते, तिला एमटीयू म्हणतात. ऑफिसातल्या साध्या नेटवर्कवर ती १५०० बाइट असते. पण तुमचा राउटर नाव आणि पासवर्ड देऊन लाइनशी जोडला जात असेल, म्हणजे पीपीपीओई पद्धतीने, तर त्या पद्धतीचे ८ बाइट त्यातून जातात आणि मर्यादा १४९२ वर येते. भारतातल्या ब्रॉडबँडमध्ये ही पद्धत सर्रास आहे. मर्यादेपेक्षा मोठं पाकीट आलं तर वाटेतल्या यंत्राने "लहान करून पाठवा" असा निरोप परत द्यायचा असतो. एखाद्या फायरवॉलने तो निरोपच अडवला की मोठी पाकिटं वाटेत नाहीशी होतात आणि कोणालाच पत्ता लागत नाही.

आता हे मेलमध्ये कसं दिसतं ते बघा. जोडणी होते, लॉगिन होतं, कारण ही सगळी पाकिटं छोटी. दोन ओळींचा मेल बिनतक्रार जातो. कोटेशनची पीडीएफ जोडली की पट्टी थांबते ती थांबतेच. मेल येण्यात मात्र काही अडचण नाही, कारण येणाऱ्या मेलसाठी तुमच्याकडून फक्त छोट्या पोचपावत्या जातात. साहजिकच माणूस म्हणतो, नेट उत्तम आहे, प्रोग्रॅमच बिघडलाय.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नेहमीची पिंग कमांड देऊन पाहा की सर्व्हर उत्तर देतो का. काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा उत्तर देणारा दुसरा पत्ता घ्या. मग त्याच कमांडला "वजा एफ, वजा एल १४७२" असं जोडून द्या, अक्षरं रोमन आणि छोटी. १४७२ मध्ये २८ बाइट वेष्टनाचे मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं तर मोठं पाकीट पार होतंय. पाकीट तोडावं लागेल असा संदेश आला तर मर्यादा कमी आहे, पण निदान ती सांगणारा कोणीतरी जागेवर आहे. आणि नुसताच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आला, पण १४६४ ला मात्र उत्तर आलं, तर चोर सापडला. आकडा कमी-जास्त करत सगळ्यात मोठा चालणारा आकडा शोधा, त्यात २८ मिळवा आणि राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर एमटीयूच्या रकान्यात तो भरा. राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर केबलवाल्याला किंवा ब्रॉडबँडवाल्याला हाच आकडा सांगा. तो जाणकार असेल तर पुढचं काही विचारणार नाही.

एवढं करायचं नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तोच मेल, तीच फाइल पाठवा. सहज गेला तर प्रोग्रॅम निर्दोष आहे आणि दोष राउटर किंवा लाइनचा आहे. ही चाचणी पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात उपयोगी पडते.

सगळ्यांचेच मेल एकदम थांबतात, मग आपोआप सुरू होतात

एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जुलैच्या ऐन हंगामात हे चालू होतं. पाच कॉम्प्युटर, एकच राउटर. दिवसातून अनेकदा पाचांवरचे मेल एकाच वेळी बंद पडायचे, संदेश जोडणी न झाल्याचा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळे पुन्हा सुरू. ब्राउझरमध्ये मात्र त्या वेळीही सगळं उघडत होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याच क्षणी मेल जात होते. म्हणजे सर्व्हर चालू होता आणि नेटही चालू होतं. फक्त त्या ऑफिसच्या पत्त्याला सर्व्हरने दार लावलं होतं.

दार का लावलं? मेल सर्व्हरवर फेल२बॅनसारखा पहारेकरी बसवलेला असतो. एकाच आयपी पत्त्यावरून ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो त्या पत्त्याला काही काळ बाहेर ठेवतो. त्याची मूळची मांडणी पाच चुका आणि दहा मिनिटं अशी असते, होस्टिंगवाले, म्हणजे मेल सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या, ती आपापल्या सोयीने बदलतात. बाहेरून पाहताना तुमच्या ऑफिसातली सगळी यंत्रं एकाच पत्त्याची दिसतात. म्हणजे चूक एका यंत्राने केली तरी शिक्षा सगळ्यांना.

त्या ऑफिसात मेलचा पासवर्ड मे महिन्यात बदलला होता. पाचही कॉम्प्युटरवर नवा टाकला होता. राहून गेला होता कोपऱ्यातला प्रिंटर, झेरॉक्स, स्कॅन सगळं करणारा. "स्कॅन टू ईमेल" साठी कोणीतरी कधीकाळी त्यात हाच मेल पत्ता आणि पासवर्ड भरून ठेवला होता. कोणी त्याच्यावरून स्कॅन मेल केला की तो जुन्या पासवर्डने दार ठोठवायचा, नाकारला गेला की पुन्हा, पुन्हा. रिटर्न भरण्याच्या दिवसांत स्कॅन वाढले, म्हणून बंद पडणंही वाढलं. प्रिंटरच्या मेनूत नवा पासवर्ड भरला आणि मेल सुरळीत झाले.

तुमच्याकडे असं होत असेल तर त्या अकाउंटचा पासवर्ड कुठे कुठे भरलेला असू शकतो याची यादी करा: घरी नेलेला लॅपटॉप, टॅब, टॅली किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मेल सेटिंग, सीसीटीव्हीचा डीव्हीआर जो सूचना मेलवर पाठवतो, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ऑफिसात राहिलेला फोन. जुना फोन तर दर पंधरा मिनिटांनी मेल तपासायला जातो आणि दर वेळी नाकारला जातो. येणाऱ्या मेलच्या लॉगिनची चूकसुद्धा मोजली जाते, हे ध्यानात ठेवा. प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहा. आणि मेल बंद पडलेला असताना पासवर्डची चौकट आली तर वैतागून तोच पासवर्ड परत परत टाकू नका, त्याने बंदी लांबते.

ठरावीक दिवशी किंवा ठरावीक वेळी

महिन्याच्या सुरुवातीला सोसायटीच्या सेक्रेटरींचे मेल अडतात, कारण त्याच दिवशी मेंटेनन्सची बिलं सगळ्या सभासदांना जातात. वैयक्तिक जीमेलला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, ती ओलांडली की १ ते २४ तास पाठवणं बंद होतं. येणारे मेल चालू राहतात. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला असतो तिथे, तर मर्यादा तासाची असते आणि ती पुष्कळदा तुमच्या एकट्याची नसून सगळ्या डोमेनची, म्हणजे पत्त्यात @ नंतर तेच नाव असलेल्या सगळ्या अकाउंटची, मिळून असते. म्हणजे हिशेब विभागाने सकाळी दीडशे बिलं पाठवली की विक्री विभागाचा मेल अडतो. संदेशात "दर तासाची कमाल संख्या ओलांडली" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. यावर प्रोग्रॅममध्ये करण्यासारखं काही नाही. बिलं टप्प्याटप्प्याने पाठवा किंवा ती घाऊक पाठवणारी वेगळी सेवा घ्या.

सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर मेल जात नाही आणि तासाभराने जातो, असं असेल तर उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की रात्री मेन स्विच बंद केल्यावर किंवा भारनियमनात वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सर्व्हरचं प्रमाणपत्र मग कॉम्प्युटरच्या मते अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून सुरक्षित जोडणी नाकारली जाते. थोड्या वेळाने विंडोज नेटवरून वेळ जुळवून घेतं आणि सगळं ठीक होतं. बॅटरी बदला. प्रमाणपत्राच्या चौकटीत "तरीही पुढे जा" दाबत राहू नका, कारण उद्या खरोखरच कोणी मध्ये बसलं असेल तर तेव्हाही बोट तिथेच जाईल.

एका जागी जातो, दुसऱ्या जागी नाही

लॅपटॉपवाल्यांची ही तक्रार. घरी जातो, ऑफिसात नाही, किंवा उलट. आधी पोर्ट बघा. २५ हे पोर्ट सर्व्हरांनी आपापसात बोलायचं, आणि स्पॅम रोखण्यासाठी कितीतरी नेट कंपन्या ते ग्राहकांना बंद ठेवतात. मेल प्रोग्रॅमने वापरायचं ते ५८७, स्टार्टटीएलएससह, किंवा ४६५, एसएसएल-टीएलएससह; ही सुरक्षित जोडणीच्या पद्धतींची नावं आहेत. जुन्या अकाउंटमध्ये २५ राहून गेलं असेल तर ते एखाद्या नेटवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. सेटिंग बदलावं असा हा एक प्रसंग आहे.

संदेशात "ब्लॉक्ड युझिंग" आणि पुढे स्पॅमहाउसचं, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या संस्थेचं, नाव असेल तर तुमचा त्या क्षणीचा आयपी पत्ता काळ्या यादीत आहे. मोबाइल नेटवर आणि बऱ्याच फायबर कनेक्शनवर शेकडो ग्राहक मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात, आणि राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो. म्हणून वीज जाऊन आल्यावर मेल सुरू होतो किंवा बंद पडतो, आणि लोक त्याचा संबंध भलत्याच गोष्टीशी लावतात. खरं तर पासवर्ड देऊन लॉगिन केलेल्या ग्राहकाला ही यादी लावायचीच नसते. लावली जात असेल तर सर्व्हरची मांडणी चुकली आहे, ते होस्टिंगवाल्यांना ठामपणे सांगा. त्याआधी आपल्या मेल प्रोग्रॅममध्ये आउटगोइंग सर्व्हरसाठी लॉगिन चालू आहे ना, एवढं बघून घ्या. आउटलुकमध्ये "माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन" ही खूण हवी. जुन्या काही सर्व्हरांवर आधी मेल उतरवला तरच थोडा वेळ पाठवू देण्याची रीत होती. तिथे मेल "रिसीव्ह" केल्यानंतर लगेच जातो आणि अर्ध्या तासाने अडतो. त्यावरही उपाय हीच खूण.

आयपीव्ही६ चंही, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्याचंही, एकदा तपासा. सर्व्हरला जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते असतील तर कॉम्प्युटर सहसा नवा आधी घेतो. राउटरवर आयपीव्ही६ अर्धवट चालू असेल तर जोडणी तिथेच ताटकळते. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये "नेटवर्क डॉट डीएनएस डॉट डिसेबलआयपीव्ही६" ही ओळ "ट्रू" करून दोन दिवस वापरा. फरक पडला तर राउटर दुरुस्त करून घ्या आणि ही ओळ पूर्ववत करा.

एकाच कॉम्प्युटरवर, काहीच मेल

एकाहून जास्त अकाउंट असतील तर हे नक्की बघा. थंडरबर्डमध्ये आउटगोइंग सर्व्हरची यादी अकाउंटपासून वेगळी, डाव्या बाजूला तळाशी असते, आणि प्रत्येक अकाउंटला त्यातला एक नेमून दिलेला असतो. नेमलेला नसेल तर मूळचा "डिफॉल्ट" सर्व्हर वापरला जातो. मग होतं असं की ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिलेला मेल तुमच्या खासगी अकाउंटच्या सर्व्हरवरून जायला बघतो, आणि तो सर्व्हर म्हणतो, हा पत्ता तुमचा नाही, ५५३ किंवा ५५०. नवा मेल कोणत्या फोल्डरमध्ये उभे असताना लिहायला घेतला यावर हे ठरतं, म्हणून अधूनमधून घडल्यासारखं वाटतं. प्रत्येक अकाउंटला त्याचाच सर्व्हर लावा.

दुसरी गोष्ट यादीतल्या पत्त्यांची. वीस जणांना मेल करताना एक पत्ता चुकीचा असला आणि सर्व्हरने तो नाकारला, तर थंडरबर्ड उरलेल्या एकोणीस जणांनाही मेल पाठवत नाही. संदेशात तो पत्ता लिहिलेला असतो, तो शांतपणे वाचा.

आउटलुकमध्ये आउटबॉक्समधला मेल जायला तयार असेल तर तिरप्या अक्षरांत दिसतो. तो उघडून पाहिला आणि बंद केला की अक्षरं सरळ होतात आणि मेल तिथेच राहतो. काळजीपोटी उघडून बघणाऱ्यांचेच मेल अडतात. उघडलाच असेल तर पुन्हा "सेंड" दाबा.

पासवर्डची चौकट अधूनमधून येत असेल तर लॉगिनची पद्धत तपासा. जीमेलने वैयक्तिक अकाउंटसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. थंडरबर्डमध्ये तिथे ओऑथ२, म्हणजे गुगलच्या पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत, निवडा. तुमचा प्रोग्रॅम जुना असून त्यात ओऑथ२ नसेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्या. गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतात, तेव्हा नवा घ्यावा लागतो.

अँटिव्हायरसमधली फक्त मेल तपासणी एका दिवसापुरती बंद ठेवून पाहा. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका. जोडणीतल्या कूटबद्ध मेलमध्ये डोकावण्यासाठी तो स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो आणि प्रत्येक अपडेटनंतर त्यातलं काहीतरी हलतं. फाइल उघडताना तपासणारा त्याचा भाग चालूच असतो, त्यामुळे ही तपासणी बंद ठेवली तरी संरक्षण राहतं.

गेला होता, पण गेला नाही असं वाटलं

हे सगळ्यात जास्त मनस्ताप देणारं आहे. मेल प्रत्यक्ष गेलेला असतो. अडकते ती "सेंट" फोल्डरमधली प्रत. थंडरबर्ड तसं स्पष्ट लिहितो, मेल पाठवला पण प्रत ठेवता आली नाही. घाईत ते कोणी वाचत नाही, माणूस पुन्हा पाठवतो, पुन्हा तेच, आणि समोरच्याला एकाच बिलाच्या चार प्रती मिळतात. म्हणून दुसऱ्यांदा "सेंड" दाबण्याआधी समोरच्याला फोन करून विचारा, किंवा स्वतःचा दुसरा पत्ता बीसीसीमध्ये ठेवा.

जीमेल असेल तर गेलेल्या मेलची प्रत सर्व्हर स्वतःच ठेवतो. थंडरबर्डमध्ये त्या अकाउंटच्या "कॉपीज अँड फोल्डर्स" मधली प्रत ठेवण्याची खूण काढून टाका, मोठी फाइल दोनदा वर चढायची थांबेल. इतर सर्व्हरांवर मेलबॉक्स भरलाय का बघा. सेंट फोल्डर काही वर्षांत कितीतरी जीबींचा होतो. वर्षवार फोल्डर करून जुने मेल हलवा, मग थंडरबर्डमध्ये "कॉम्पॅक्ट" करा, म्हणजे हलवलेल्या मेलची जागा मोकळी होते. फोल्डर दुरुस्त करण्याआधी प्रोफाइलची, म्हणजे थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग्ज असलेल्या फोल्डरची, प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय हात लावू नका.

होस्टिंगवाल्यांना काय लिहायचं

एवढं करूनही मेल अडकत असेल तर तक्रार नोंदवा, पण "मेल जात नाही" एवढं लिहिलं तर उत्तर येईल की आमच्याकडे सगळं चालू आहे. पुढच्यासारखं लिहा: "अमुक पत्त्यावरून, पोर्ट ५८७, तारीख अमुक, वेळ ११ वाजून ४२ मिनिटं, भारतीय वेळ. आमचा बाहेरचा आयपी पत्ता त्या वेळी अमुक होता. संदेश असा होता. त्याच मिनिटाला मोबाइल नेटवरून मेल गेला. अशाच आणखी तीन वेळा खाली दिल्या आहेत. कृपया तुमच्या एसएमटीपी आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये या वेळा बघा." बाहेरचा आयपी पत्ता कोणत्याही सर्च इंजिनवर "माझा आयपी पत्ता" असं इंग्रजीत शोधलं की मिळतो, मात्र तो मेल अडकलेला असतानाच, त्याच नेटवरून बघायला हवा. आणि "भारतीय वेळ" हे शब्द विसरू नका. सर्व्हरचे लॉग पुष्कळदा यूटीसीमध्ये असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि सपोर्टवाला ११:४२ च्या जागी ६:१२ शोधायचं विसरला तर त्याला काहीच सापडत नाही.